डेल्फीनचे केस

डेल्फीन ग्रियरला पुढच्या काउंटरवर बसवणार, ही बातमी ओझेला टार्व्हरला कळली ती वाफेच्या प्रेसपाशी, हॉटेलच्या चादरी दाबत असताना. सांगणारी अर्थातच हॅटी पिंकनी. हॅटीच्या तोंडात तीळ भिजत नाही.

"सोमवारपासून बरं का," चादरीचं दुसरं टोक धरून हॅटी म्हणाली. "सकाळी थोडा वेळ आपल्यात, मग साहेब बोलावून बघणार, आणि तिथूनच काउंटरवर. पंख्याखाली. खुर्चीवर."

"बसू दे की," ओझेला म्हणाली आणि प्रेसचं झाकण असं खाली आपटलं की शेजारची बाई दचकली. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पण हॅटीसमोर तोंड वाकडं केलं तर संध्याकाळपर्यंत मेकन गावभर दवंडी.

खुर्चीचं एवढं काय, असं कुणाला वाटत असेल तर त्याने ऑगस्टमध्ये त्या धुलाई कारखान्याच्या मागच्या दालनात एक दिवस उभं राहून बघावं. मागे वाफेत सगळ्या काळ्या बाया. बॉयलरवर आणि गाड्यांवर काळे पुरुष. पुढे काउंटरवर आणि ऑफिसात गोऱ्या पोरी, लिपस्टिक लावून. कुठे लिहून ठेवलं नव्हतं, तरी १९७२ साल उजाडलं तोवर कुणी जागा चुकलं नव्हतं. पुढच्या पोरींच्या छातीवर नावाची पट्टी असायची: मिस पेगी, मिस जोॲन. मागे चाळिशी उलटलेल्या ओझेलाला मुकादम 'ए पोरी' म्हणून हाक मारायचा. ओझेलाला ती खुर्ची हवी होती, आणि खुर्चीहून जास्त ती पट्टी हवी होती. मिसेस टार्व्हर. दोन वर्षांपूर्वी ती स्वतः हात पुसून पुढे गेली होती आणि मालकाला, हॅस्केलसाहेबाला, तोंडावर विचारून आली होती. मागच्या दालनातल्या एकाही बाईने त्याआधी ती हिंमत केली नव्हती. साहेब "बघू" म्हणाला, आणि बघायचं राहून गेलं.

मग कायदे बदलले, वारं फिरलं. चर्चच्या पुरुषमंडळींची कमिटी साहेबाला भेटली. आमच्यातलं एक तरी माणूस पुढे बसवा, नाहीतर आमच्या लोकांचे कपडे दुसरीकडे जातील, असं चांगलं ठणकावून सांगितलं. साहेब कबूल झाला. एक. कोण ते तुम्हीच ठरवा. फक्त दिसायला बरी हवी, बोलायला नीट हवी आणि केस व्यवस्थित हवेत. कमिटीचे म्होरके डीकन रकर, म्हणजे चर्चचे कारभारी. त्यांचं अंत्यविधीचं मोठं दुकान, दारात लांब काळी गाडी, घरात पियानो. त्यांनी ठरवलं, डेल्फीन.

डेल्फीन चोवीस वर्षांची. रंग भरपूर दूध घातलेल्या कॉफीसारखा. हायस्कूल पास, नवरा पोस्टात. कारखान्यात येऊन तिला धड वर्षही झालं नव्हतं. प्रेसखाली हात कसा घालायचा आणि भाजायच्या आत कसा काढायचा हे तिला शिकवलं कुणी? ओझेलानेच. तेव्हा पोरगी आवडलीही होती. आता तिचं चालणं खुपायला लागलं, हसणं खुपायला लागलं. पाणी पिताना ती मान मागे टाकायची, तेही.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे शनिवारी ती ओझेलाच्याच दारात उभी.

त्या वस्तीत शनिवारी सगळी डोकी ओझेलाच्या स्वयंपाकघरातून जायची. केस धुवायचे, वाळवायचे, भांग पाडून एकेक बट मोकळी करायची, मुळाशी पोमेडचं तेलकट मलम लावायचं आणि गॅसवर तापवलेला लोखंडी कंगवा त्यातून ओढायचा, की कुरळे केस सरळ होऊन खांद्यावर पडतात. पाचव्या वर्षापासून पोरी या खुर्चीत बसतात, कान मुडपून धरतात आणि देवाचं नाव घेतात. डेल्फीन मात्र गेली दोन वर्षं बसली नव्हती. कॉलेजातल्या पोरींचं बघून तिने केस आहेत तसे वाढवले होते, डोक्याभोवती गोल. दिसायचेही सुंदर, हे ओझेलाने मनात कबूल केलं होतं आणि त्याचाही राग धरला होता.

"डीकन म्हणाले, असे केस घेऊन काउंटरवर जाता येणार नाही," खुर्चीत बसत डेल्फीन म्हणाली. "तुमच्याशिवाय मी दुसऱ्या कुणाकडे जाणार, मिस ओझेला?"

"ये ना. आता मोठी माणसं आमच्याकडे येणार म्हणजे आमचंही भाग्यच."

"असं काय बोलता?"

"कान धर," ओझेला म्हणाली.

कंगवा तापला. तिने तो पांढऱ्या कागदावर टेकवला. कागद करपला नाही, म्हणजे कंगवा बेताचा तापला होता. पहिली बट हातात घेतली. पोरीची मान समोर उघडी होती, नाजूक, उजळ. हातात तापलेलं लोखंड. ओझेलाच्या मनात काय काय येऊन गेलं ते देवालाच माहीत, पण तिने जे केलं त्यात धूरही निघाला नाही. टिकाऊ काम करायचं तर प्रत्येक बटेतून कंगवा दोनदा जावा लागतो, वरून एकदा, खालून एकदा, आणि पोमेड सढळ हाताने लागतं. ओझेलाने बोटाला पुसटसं लावलं आणि कंगवा एकदाच फिरवला. आत्ता दिसायला केस काचेसारखे. रविवार निभेल. सोमवारी सकाळी वाफेत उभी राहिली की साहेबाने बोलवायच्या आत डोकं फुगून बसेल. मग कर म्हणावं साहेबासमोर नखरे.

"आईशप्पथ, काय हात आहे तुमचा," आरशात बघून डेल्फीन म्हणाली.

"सगळे म्हणतात," ओझेला म्हणाली. ती गेल्यावर तिने कंगवा पुसून ठेवला आणि कालच्या वालाच्या शेंगा गरम करून पोटभर जेवली. बऱ्याच दिवसांनी घास गोड लागला.

हिशेब चुकला तो रविवारी. चर्चमधला मोठा पंखा बंद पडला होता. खिडक्या उघड्या, पण हवा म्हणाल तर पान हलत नव्हतं. बाया पुठ्ठ्याचे पंखे हलवत होत्या, ज्यांच्या मागे डीकन रकर यांच्या दुकानाचा पत्ता छापलेला असायचा. पास्टर त्या दिवशी असे रंगात आले की थांबायचं नाव नाही. आणि डेल्फीन पहिल्या रांगेत, डीकनच्या बायकोशेजारी, निळी टोपी घालून बसलेली. प्रवचन संपलं की तिला सगळ्यांसमोर उभं करायचं ठरलं होतं.

ओझेला सहाव्या रांगेतून त्या टोपीकडे बघत होती. तिथे मी असते, असं तिच्या मनात दर दोन वाक्यांनी येत होतं. मग तिला टोपीखाली मानेवर काहीतरी हललेलं दिसलं. केस. घामाने एक बट आखडली, मग दुसरी. सरळ काळ्या केसांखालून मूळचे केस डोकं वर काढायला लागले.

आधी ओझेलाला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, चांगलंच बरं वाटलं. पण दुसऱ्या रांगेतली एक बाई डेल्फीनच्या मानेकडे बघून मागे वळली, आणि तिने बघितलं ते ओझेलाकडे. मग तिसऱ्या रांगेतल्या दोघी वळल्या. चर्चमधल्या झाडून सगळ्या बायकांना ठाऊक होतं की शनिवारी ते डोकं कुणाच्या हाताखाली होतं.

हॅटी जवळ सरकली. "काय गं, हात बिघडला का तुझा? पुढच्या शनिवारी माझ्या डोक्याचं काय करायचं मी आता?"

ओझेलाच्या कानशिलांतून जाळ निघाला. हॅस्केलसाहेबासमोर डेल्फीनची फजिती व्हायची होती, ही तर तिचीच फजिती चालली होती. ती उठली, पंखा हलवत पहिल्या रांगेपर्यंत गेली, आणि वाकून गोड आवाजात म्हणाली, "पोरी, जरा खाली ये."

चर्चच्या तळघरात स्वयंपाकघर आहे. तिथल्या ड्रॉवरमध्ये चमच्यांशेजारी एक लोखंडी कंगवा कायम असतो, लग्नाच्या आणि गायकवृंदाच्या सोयीसाठी. स्वयंपाकाच्या बाया प्रार्थनेला वर गेल्या होत्या. ओव्हनवर तळलेल्या कोंबडीची झाकलेली परात. ओझेलाने गॅस पेटवला, डेल्फीनला स्टुलावर बसवलं, टोपी काढली.

"उकाडाच असा आहे," ती म्हणाली. "कुणाचंही काम टिकायचं नाही."

"एकदाच फिरवलात ना कंगवा?" डेल्फीन म्हणाली.

ओझेलाचा हात थांबला.

"पाचव्या वर्षापासून बसतेय मी तुमच्या खुर्चीत, मिस ओझेला. दोनदा फिरला की मानेला कळतं. मला काल संध्याकाळीच कळलं होतं."

"मग तोंड शिवलं होतं तुझं?"

"काय बोलणार? तुमच्या जागी मी असते तर कान भाजला असता."

हे ऐकून ओझेलाला पाझर फुटला असेल असं वाटत असेल तर तसं काही झालं नाही. उलट ती जास्तच भडकली. चोरी पकडायची आणि वर समजूतदारपणाही दाखवायचा, म्हणजे सगळं हिलाच. रंग हिला, नवरा हिला, खुर्ची हिला, आणि आता मोठं मनसुद्धा हिलाच.

"मला एक सांग," ती बटेतून कंगवा ओढत म्हणाली, यावेळी खरा, दोन्ही बाजूंनी. "तू काय केलंस डीकनसाठी? पाय चेपलेस? दोन वर्षं मी रांगेत उभी, आणि तू काल आलीस आणि घेऊन गेलीस."

वर गाणं चाललं होतं, छताची फळी पावलांच्या ठेक्यावर हलत होती.

"तुमचं नाव निघालं होतं," डेल्फीन म्हणाली. "मला बघायला डीकनच्या घरी बोलावलं होतं, तेव्हा मी तिथेच होते. पास्टर म्हणाले, ओझेलाने सगळ्यांत आधी विचारलंय, तिचा हक्क पहिला. तर डीकन म्हणाले, ओझेला कष्टाची आहे, पण पहिल्याच दिवशी एवढा काळा रंग गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर ठेवायचा का? आणि नवरा घराबाहेर काढलेली बाई. गोऱ्यांना बोलायला निमित्त कशाला द्यायचं?"

ओझेलाने नवऱ्याची ट्रंक पायरीवर ठेवली होती हे खरं. त्याने हात उगारला त्याच्या दुसऱ्या दिवशी. सगळ्या चर्चला माहीत होतं, डीकनच्या बायकोने तेव्हा स्वतः येऊन तिच्या सुजलेल्या डोळ्यावर बर्फ धरला होता. आणि रंगाचं म्हणाल तर डीकन स्वतः तिच्याच रंगाचे. पुरुषाला चालतो. लांब गाडीत तर तो छानच दिसतो.

"आणि तू काय म्हणालीस?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"मी कॉफी ढवळत बसले. मला ती नोकरी हवी होती."

कंगवा ओझेलाच्या हातात निवत चालला होता. निदान खोटं बोलत नाही, असं तिच्या मनात आलं, आणि त्याचाही तिला राग आला. डेल्फीनचं अर्धं डोकं सरळ झालं होतं आणि अर्धं फुललेलं होतं. वरून डीकनचा भारदस्त आवाज आला. "आता आपली भगिनी डेल्फीन ग्रियर पुढे येईल."

"जा," ओझेला म्हणाली. "जा आणि हे वर सांग. एवढी खरं बोलणारी आहेस ना."

ती नुसती टोचून बोलली होती. पोरगी खरंच जाईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण डेल्फीन उठली आणि टोपी तशीच टेबलावर टाकून जिना चढली. ओझेला मागोमाग धावली तोवर ती पुढे जाऊन उभी होती. व्यासपीठाच्या खाली, कारण वर चढायची परवानगी बायकांना नव्हती. अर्धे केस इकडे, अर्धे तिकडे.

तिने सगळं सांगितलं. ओझेलाने आधी विचारलं होतं, तिचा रंग काढला गेला, नवऱ्याचा विषय काढला गेला, आणि मी गप्प बसले. डीकन खोकले, पास्टरनी खाली बघितलं. चर्चभर पुठ्ठ्याचे पंखे थांबले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "बोल, पोरी, बोल." आणि हॅटी पिंकनीने टाळी वाजवली. मग सगळ्या बाया उठल्या. कुणी डेल्फीनला मिठीत घेतलं, कुणी तिचे डोळे पुसले. काय ते धाडस, काय ते मन, असं म्हणत सगळ्या तिच्याभोवती.

ओझेला दारात उभी होती. तिच्याकडेही बघत होते सगळे, पण कसं, तर बिचारी म्हणून. अपमान झाला तिचा, काळी म्हटलं तिला, नवरा हाकललेली म्हटलं तिला, आणि त्यावर टाळ्या मिळाल्या डेल्फीनला. माझी गोष्टसुद्धा हिनेच घेतली, असं म्हणत ती न जेवता घरी गेली. एवढी ती डेल्फीनवर आधी कधी जळली नव्हती.

सोमवारी काउंटरवर डेल्फीन नव्हती. डीकननी रविवारी संध्याकाळीच साहेबाला निरोप धाडला होता. पांढरा शर्ट आणि टाय घालून खुर्चीवर बसला होता त्यांचा पुतण्या रॉस्को, जो बॉयलरवर आठ दिवससुद्धा टिकला नव्हता. छातीवर पट्टी: मिस्टर रकर.

मागच्या दालनात बातमी आली तशा प्रेस एकेक करून बंद पडल्या. दुपारच्या आधी तिथे कधी शांतता नसते. ओल्या चादरींचे ढीग तसेच राहिले.

"डीकन म्हणतात, आपलाच माणूस आहे ना, आपल्या समाजाचा विजय आहे," हॅटी म्हणाली. "विजय कुणाचा, ते मला सांगा. मी तर इथेच उभी आहे."

"साहेबाकडे जायचं," कुणीतरी म्हणालं. "सगळ्यांनी. आत्ता."

"बोलणार कोण?"

सगळ्यांनी डेल्फीनकडे बघितलं. साहजिकच होतं. केस पुन्हा फुलवून ती पलीकडच्या प्रेसपाशी उभी होती आणि कालपासून ती सगळ्यांची लाडकी होती. तिने हात पुसले, तोंड उघडलं.

"तिचं काल बोलून झालंय," ओझेला म्हणाली. तिने तिची प्रेस बंद केली आणि केसांवरचं फडकं सोडलं. "माझं मी सांगेन."

सगळ्या बाया मधल्या दारातून पुढे आल्या तेव्हा मिस पेगीच्या हातातली पावती तशीच राहिली. हॅस्केलसाहेब ऑफिसातून आला. एवढ्या काळ्या बाया एकदम पुढच्या बाजूला त्याने कधी बघितल्या नव्हत्या. ओझेला सगळ्यांच्या पुढे होती. पाय सुजलेले, हात कोपरापर्यंत भाजल्याच्या डागांचे. तिने दोन वर्षांपूर्वीचं सांगितलं, रंगाचं सांगितलं, नवऱ्याचंही स्वतःच सांगितलं, कुणी मागून कुजबुजायच्या आत.

साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्याकडे उत्तर तयार होतं. "तुम्ही काळे लोक म्हणालात पुढे बसवा. हा बघा रॉस्को, बसवला. बायका म्हणाल, तर ही पेगी, ही जोॲन, बायकाच आहेत ना? आता आणखी काय हवंय तुम्हाला?"

"रॉस्को काळा आहे, बाई नाही. पेगी बाई आहे, काळी नाही," ओझेला म्हणाली. "आम्ही दोन्ही आहोत, आणि म्हणून आम्ही मागे. त्या दोघांना दाखवून आम्हाला परत पाठवू नका, साहेब."

बाहेर हॉटेलची गाडी चादरी न्यायला येऊन उभी होती आणि द्यायला चादरी नव्हत्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. साहेबाने एकदा दाराकडे बघितलं, एकदा बायांकडे. मग त्याने सुस्कारा सोडून बोट उचललं, आणि ते ओझेलाच्या डोक्यावरून मागे गेलं.

"बरं बाबा. ती उंच, उजळ मुलगी. केस नीट करून ये म्हणावं. उद्यापासून ती येऊ दे. झालं समाधान?"

ओझेलाने मागे वळून बघितलं. डेल्फीनचे डोळे लकाकले होते. क्षणभरच, पण लकाकले होते. तिला ती नोकरी अजून हवी होती, का नसावी? ओझेला पुन्हा तशीच जळली, पण या वेळी पोरीकडे न बघता ती साहेबाकडे वळली, काउंटरची फळी उचलून आत गेली आणि मिस जोॲनच्या शेजारची रिकामी खुर्ची ओढून तिच्यावर बसली.

"येईल की," ती म्हणाली. "माझ्यानंतर."

हॅटी तिथेच जमिनीवर बसली. मग डेल्फीन बसली, मग एकेक करून बाकीच्या बाया. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला, आणि चादरी दाबायला मागे कुणीच गेलं नाही.